काचेतली वीज : वाचकांचे प्रश्न

खिडकीच्या काचेतच सोलर सेल बसवून वीज करण्याविषयी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या वेळी बरेच प्रश्न आले. काही घर दुरुस्त करणाऱ्यांचे, काही काचकाम करणाऱ्यांचे, एक कॉलेजच्या मुलींचा. उत्तरांतले आकडे इथल्या अक्षांशाला आणि इथल्या बांधणीला धरून आहेत. युरोपात या कामाला दक्षिणेची खिडकी आधी निवडतात. सांगलीत तीच बहुधा वाईट ठरते, आणि जाहिरातींतले बरेच आकडे तिकडचे असतात.

प्रश्न : विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. दक्षिणेला दोन आणि पश्चिमेला एक, अशा चार बाय चार फुटांच्या खिडक्या आहेत. काचा बदलायच्याच आहेत. सोलर काच बसवली तर महिन्याला किती युनिट निघतील? — वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : पश्चिमेच्या खिडकीतून महिन्याला सात युनिट, तेही तिच्यावर सावली नसेल तर. चार बाय चार फूट म्हणजे जवळजवळ दीड चौरस मीटर. ४० टक्के उजेड आत सोडणारी, कॅडमियम टेल्युराइड या वीज करणाऱ्या पदार्थाचा पातळ थर असलेली काच घेतली, तर तिची क्षमता चौरस मीटरला ८० वॅटच्या आसपास असते, म्हणजे एका खिडकीला १२० वॅट. गच्चीवर दक्षिणेकडे थोड्या कललेल्या पॅनलला आपल्या भागात एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात. उभ्या भिंतीवर त्याच्या निम्मे धरा. १२० वॅटला दिवसाला पाव युनिटही होत नाही. अॅल्युमिनियमच्या चौकटीत जाणारी जागा यातून अजून वजा व्हायची आहे. गच्चीवरचं ५४० वॅटचं एकच पॅनल महिन्याला ६५ युनिटांच्या घरात देतं.

दक्षिणेच्या दोन्ही खिडक्या या हिशेबातून काढून टाका. सांगली १६.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ५० अंशांवर असतो, मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असताना ७३ अंशांवर. मेच्या पहिल्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो. तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणजे जवळपास तीन महिने दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचं थेट ऊन पडतच नाही.

उरलेल्या महिन्यांत छज्जा आडवा येतो. खिडकीच्या लगेच वर दोन फुटी छज्जा असेल, तर दुपारी साडेबाराच्या सुमारास त्याची सावली डिसेंबरात सव्वादोन-अडीच फूट खाली येते आणि मार्चमध्ये साडेसहा फूट. म्हणजे फेब्रुवारीच्या चौथ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तुमची चार फुटी खिडकी भर दुपारी पूर्ण सावलीत असते. छज्जा त्यासाठीच बांधलेला असतो आणि त्याचं काम तो चोख करतो. छज्जा तोडून सोलर काच बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. घर तापेल, पावसाचं पाणी आत येईल आणि युनिट मिळतील मूठभर.

पश्चिमेला उतरतं ऊन आडवं येतं, त्यामुळे छज्ज्याची अडचण कमी. तिथे बाहेरची लोखंडी ग्रिल बघा. ग्रिलच्या सळ्यांची सावली दुपारनंतर काचेवर फिरत राहते आणि सळईच्या जाडीच्या मानाने कितीतरी जास्त वीज खाते. कारण खाली फॅब्रिकेटरच्या प्रश्नात दिलं आहे.

पैसे घालण्याआधी स्वतः मोजून बघा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १२ व्होल्ट, १० वॅटचं छोटं पॅनल मिळतं. तशी दोन घ्या. एक खिडकीच्या बाहेर, काच जिथे येणार तिथे उभं बांधा. दुसरं गच्चीवर दक्षिणेकडे १७ अंश कलतं ठेवा. मल्टीमीटर १० अॅम्पियर डीसीवर ठेवून, लाल वायर अॅम्पियरच्या खाचेत घालून, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ दर तासाला दोन्हींचा प्रवाह लिहा. भर उन्हात गच्चीवरचं पॅनल साधारण ०.६ अॅम्पियर दाखवेल. दिवसभराच्या आकड्यांची बेरीज करून खिडकीच्या बेरजेला गच्चीच्या बेरजेने भागा. एक दिवस डिसेंबरात, एक मार्च-एप्रिलमध्ये मोजला की चित्र स्पष्ट होतं. व्होल्ट मोजू नका. सावलीतही पॅनल १७-१८ व्होल्ट दाखवतं आणि माणूस फसतो. उजेडाच्या प्रमाणात बदलतो तो प्रवाह.

प्रश्न : संपूर्ण पारदर्शक, तरीही छतावरच्या पॅनलइतकी वीज देणारी काच आली आहे असं वाचलं. खरं आहे का? — वाचक, कोरेगाव

उत्तर : नाही, आणि तसं होणारही नाही. काचेतून पलीकडे गेलेला प्रकाश वीज करत नाही. सूर्याच्या ऊर्जेत डोळ्याला दिसणारा प्रकाश साधारण ४३ टक्के असतो, अवरक्त निम्म्याहून थोडी जास्त आणि अतिनील जेमतेम ५ टक्के. दिसणारा सगळा प्रकाश आत सोडायचा, तर फक्त अवरक्त आणि अतिनीलवर वीज करावी लागते. तसे सेल प्रयोगशाळांत बनले आहेत, पण त्यांची क्षमता छतावरच्या २०-२२ टक्क्यांच्या पॅनलपेक्षा फार कमी आहे.

आज बाजारात जी काच मिळते ती अर्धपारदर्शक. तिचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात नेहमीचे सिलिकॉन सेल दोन काचांमध्ये अंतर सोडून बसवतात. खोलीत चौकटीचौकटींची सावली पडते, पण वीज सर्वांत जास्त. दुसरा अमॉर्फस सिलिकॉनचा पातळ थर, लेसरने बारीक रेषा खरवडून उजेडाला वाट केलेला. १० ते ३० टक्के उजेड सोडताना तो चौरस मीटरला ३० ते ४० वॅट देतो आणि किंचित तांबूस दिसतो. तिसरा कॅडमियम टेल्युराइडचा, वर हिशेबात धरलेला. पेरोव्स्काइट या नव्या प्रकारच्या सेलच्या काचेविषयी खूप लिहिलं जातं. ओल आणि उष्णता यांपुढे ती किती वर्षं टिकते हा तिचा कच्चा दुवा आहे, म्हणून घरासाठी आज तिची वाट बघत थांबू नका.

विक्रेत्याला एकच गोष्ट मागा : आत येणाऱ्या उजेडाची टक्केवारी आणि चौरस मीटरला वॅट, हे दोन्ही आकडे एकाच काचेचे, एकाच कागदावर. जाहिरातीत पहिला आकडा एका काचेचा आणि दुसरा वेगळ्या काचेचा असतो.

प्रश्न : काचेला चिकटवायची सोलर फिल्म ऑनलाइन स्वस्तात मिळते. तिने वीज तयार होते का? — वाचक, पोवई नाका, सातारा

उत्तर : नाही. ती ऊन अडवणारी फिल्म आहे. तिच्यातून वायर बाहेर येत नसेल, तर वीज कुठून येणार? ऊन कमी करायला ती ठीक आहे, पण काचेला ताण पडून तडा जाऊ नये म्हणून फिल्म या काचेला चालते का हे आधी विचारा, विशेषतः गडद फिल्म आणि जुनी मोठी काच असेल तर. काचेच्या आतल्या बाजूला छोटं पॅनल टेकवून ठेवलं तर साधी स्वच्छ काच त्याचा १०-१५ टक्के उजेड खाते, आरशासारखी चकाकणारी काच निम्म्याहून जास्त.

प्रश्न : मी अॅल्युमिनियमच्या खिडक्या करतो. सोलर काच नेहमीच्या २७ मिमी स्लायडिंग सेक्शनमध्ये बसेल का? कामात कशाची काळजी घ्यायची? — फॅब्रिकेटर, गोडोली, सातारा

उत्तर : स्लायडिंगचा विचार करू नका. एक पल्ला दुसऱ्यामागे गेला की अर्धी काच सावलीत जाते, आणि रोज पुढे-मागे होणारी डीसी वायर आज ना उद्या सोलते. सोलर काच न उघडणाऱ्या पल्ल्यात बसवा. उघडणारी हवीच असेल तर बिजागरीची, आणि बिजागरीच्या बाजूला वायरला सैल वेटोळं ठेवून.

सर्वांत आधी माप. ही काच साइटवर कापता येत नाही, घासता येत नाही, भोक पाडता येत नाही. कडेला एक मिलिमीटर घासला तरी आतला थर उघडा पडतो आणि पाणी शिरतं. चौकट बसवून झाल्यावर, प्लास्टर आणि रंग सुकल्यावर, तीन ठिकाणी रुंदी, तीन ठिकाणी उंची आणि दोन्ही कर्ण मोजा. सर्वांत लहान मापातून चारही बाजूंना ५ मिमी मोकळे सोडून ऑर्डर द्या.

जाडी आणि वजन वेगळं पडतं. ३.२ मिमीच्या दोन काचा आणि मधला थर धरून ही काच ७ मिमीच्या पुढे जाते. ५ मिमीच्या काचेसाठी केलेली खाच आणि रबर इथे चालत नाही. काचेचं वजन चौरस मीटरला दर मिलिमीटरमागे अडीच किलो, म्हणजे ही काच चौरस मीटरला १६ ते १७ किलो. दुहेरी काचेच्या युनिटमध्ये ते ३० किलोच्या पुढे जातं आणि जाडी २४-२५ मिमी होते. बिजागरी आणि स्क्रू त्या हिशेबाने घ्या.

बसवताना काच सरळ अॅल्युमिनियमवर टेकवू नका. खालच्या कडेला दोन्ही टोकांपासून पाव अंतरावर कडक रबराचे दोन ठोकळे द्या. खालच्या चॅनलला पाणी निघून जायची भोकं हवीतच. चॅनलमध्ये पाणी साचून काचेची कड महिनोन्‌महिने ओली राहिली, तर मधला थर पांढरा पडून सुटतो. सोलर काच खराब होण्याचं हे नेहमीचं कारण आहे. सीलंट न्यूट्रल घ्या. लावताना व्हिनेगरसारखा वास येणारा सीलंट अॅसिड सोडतो आणि आतल्या धातूच्या पट्ट्या व मधला थर दोन्ही खातो. दुकानात स्वस्त मिळतो तो बहुधा तोच असतो.

आता सावली. पातळ थराच्या काचेत सेल लांबच लांब पट्ट्यांच्या रूपात शेजारीशेजारी असतात आणि एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. सावलीने पट्टीच्या लांबीभर पसरून एकच पट्टी पूर्ण झाकली, तर सगळ्या काचेचा प्रवाह त्या पट्टीवर अडतो. तीच सावली सगळ्या पट्ट्यांना थोडी थोडी झाकत गेली, तर झाकल्याइतकीच वीज कमी होते. म्हणून वर छज्जा किंवा खोल चौकट असेल तिथे पट्ट्या उभ्या ठेवा. ऑर्डर देतानाच सांगा, कारण नंतर काच फिरवता येत नाही. सिलिकॉन सेलच्या काचेत एक सेल झाकला तरी त्याच्या बायपास डायोडखालची (झाकलेल्या सेलला वळसा घालून प्रवाह नेणारा भाग) साधारण वीस सेलची ओळ बाद होते, आणि डायोड खराब असेल तर झाकलेला सेल तापून काच तडकते.

काच टफन केलेली किंवा उष्णतेने मजबूत केलेली, आणि लॅमिनेटेडच हवी. सेल असलेली काच उन्हात ६०-७० अंशांपर्यंत तापते. अर्धी उन्हात आणि अर्धी छज्ज्याच्या सावलीत असेल तर साधी काच त्या फरकानेच कडेपासून फुटते. बिलावर सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ आणि पॅनलच्या सुरक्षिततेसाठी आयएस/आयईसी ६१७३० लिहून घ्या.

वायरिंग तुमच्या ओळखीच्या वायरमनकडून न करता सोलरचं काम जाणणाऱ्याकडून करून घ्या. पातळ थराच्या एकेका काचेचा व्होल्टेज १०० च्या वर असू शकतो, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. जोडणीचे नर-मादी कनेक्टर एकाच कंपनीचे घ्या. दिसायला सारखे, पण वेगळ्या कंपन्यांचे जोडले की सांध्यात तापतात. प्रत्येक काचेचा व्होल्टेज बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर मोजून वहीत लिहा. नंतर बिघाड झाला तर काच आधीच सदोष होती की बसवताना दुखावली, हे त्या दोन आकड्यांवरून कळतं.

प्रश्न : मिरजेत आमच्या रुग्णालयाच्या नव्या इमारतीला पश्चिमेकडे सुमारे १०० चौरस मीटर काचेचा दर्शनी भाग येणार आहे. तिथे सोलर काच परवडेल का? — व्यवस्थापन, मिरज

उत्तर : घरापेक्षा इथे प्रश्न वेगळा आहे, कारण महागडी काच तुम्ही घेणारच आहात आणि आत वातानुकूलन आहे. १०० चौरस मीटरला ८० वॅट म्हणजे ८ किलोवॅट, पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दिवसाला १६ युनिटांच्या आसपास. तेवढ्यासाठी कोणी सोलर काच घेणार नाही. पण साधी ५ मिमी काच उन्हातली ८० टक्क्यांहून जास्त उष्णता आत येऊ देते. दुहेरी काचेच्या युनिटमधली सोलर काच ती निम्म्याहून खाली आणते आणि दुपारचा एसीचा भार हलका होतो. हाच फायदा साध्या लो-ई, म्हणजे उष्णता परतवणारा लेप असलेल्या दुहेरी काचेनेही मिळतो, म्हणून तुलना तिच्याशी करा, साध्या काचेशी नको. विक्रेते साध्या काचेशीच करतात.

आमचं मत असं. आधी गच्ची भरा. मग दर्शनी भागात पारदर्शक काचेला हात लावण्याआधी स्लॅबच्या पट्ट्या बघा. एका मजल्याच्या खिडकीच्या माथ्यापासून वरच्या खिडकीच्या तळापर्यंतचा भाग बाहेरून काचेचा दिसतो, पण त्याच्यामागे वीट किंवा काँक्रीट असतं. तिथे उजेड आत यायची गरजच नाही. तिथे पूर्ण अपारदर्शक सोलर काच बसवा. ती तेवढ्याच जागेत दुप्पट आणि त्याहून जास्त वीज देते, आणि रुग्णांच्या खिडक्या स्वच्छ राहतात. मात्र तिच्यामागे हवा खेळायला चार इंच पोकळी, खाली-वर उघडी, ठेवा. सिलिकॉन सेल तापला की दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज गमावतो.

पश्चिमेच्या काचा आणि गच्चीवरची पॅनल एकाच मालिकेत जोडू नका. सकाळी गच्ची उन्हात आणि पश्चिम सावलीत असते. मालिकेत सगळ्यात कमकुवत काच सगळ्यांचा प्रवाह ठरवते. इन्व्हर्टरला (डीसीची एसी करणारं यंत्र) दोन्हींसाठी वेगवेगळे एमपीपीटी हवेत, म्हणजे त्या त्या मालिकेतून जास्तीत जास्त वीज काढणारे भाग. मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे एकेका काचेला लावायचे छोटे इन्व्हर्टर, घेणार असाल तर त्यांतल्या बऱ्याच मॉडेलना ६० व्होल्टपर्यंतच चालतं आणि पातळ थराची काच त्यापुढे जाते. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरवर काही पातळ थराच्या काचांचा पारदर्शक वाहक लेप कालांतराने खराब होतो, म्हणून इन्व्हर्टर चालेल का हे काच बनवणाऱ्याकडूनच लेखी घ्या.

रुग्णालय असल्यामुळे आणखी एक. आगीच्या वेळी मुख्य स्विच बंद केला तरी उन्हात काचा आणि त्यांच्या वायरी जिवंतच राहतात. डीसी आयसोलेटर, म्हणजे डीसी वीज तोडणारा स्विच, प्रत्येक मजल्यावर हाताला येईल असा, आणि अग्निशमन दलाला दिसेल असा नकाशा प्रवेशद्वाराजवळ लावा.

प्रश्न : पाचगणीतल्या आमच्या हॉटेलच्या मधल्या चौकावर काचेचं छत करायचं आहे. — वाचक, पाचगणी

उत्तर : खिडकीपेक्षा ही जागा कितीतरी चांगली. दक्षिणेकडे १० ते १५ अंश कल दिला तर गच्चीवरच्या पॅनलइतकंच ऊन मिळतं. कल १० अंशांपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर पाणी खालच्या कडेला थांबतं आणि मळाची रेघ तिथल्या सेलवर बसते. डोक्यावरच्या काचेतल्या दोन्ही काचा उष्णतेने मजबूत केलेल्या आणि लॅमिनेटेड हव्यात, म्हणजे फुटली तरी तुकडे खाली पडत नाहीत.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत धुकं आणि पावसात फार थोडी वीज होईल, म्हणून वर्षाचा हिशेब आठ महिन्यांवर करा. त्या काळात कडांना शेवाळ चढतं, ते दसऱ्याआधी मऊ ब्रशने काढा. थंडीत सेलचा व्होल्टेज वाढतो. सकाळी ५ अंश तापमान असेल तर तो पाटीवर छापलेल्या आकड्यापेक्षा ६ टक्के जास्त जातो, तेवढी जागा इन्व्हर्टरच्या मर्यादेत ठेवा. वायरी उघड्या सोडू नका, लोखंडी नळीतून न्या. माकडं त्या ओढतात.

प्रश्न : आमचं घर कृष्णेच्या पूररेषेत येतं. तळमजल्यावर अशी काच बसवावी का? — वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. घराची वीज महावितरणने बंद केली तरी पाण्यात बुडालेल्या सोलर काचेच्या जोडण्यांत ऊन पडताच डीसी येते. वरच्या मजल्यावर बसवाल तर इन्व्हर्टर, डीसी बॉक्स आणि बॅटरी २०१९ च्या खुणेच्या वर ठेवा. पूर ओसरल्यावर बुडालेल्या काचेला आधी जाड ताडपत्री किंवा गोधडी टाकून उजेड तोडा, रबरी हातमोजे घाला, मगच जवळ जा. बुडालेला जंक्शन बॉक्स (काचेच्या वायरी जोडलेली डबी) सुकवून पुन्हा वापरू नका.

प्रश्न : द्राक्षबागेवर प्लॅस्टिक कागदाऐवजी अर्धपारदर्शक सोलर काच टाकली तर पाऊसही अडेल आणि वीजही मिळेल. बरोबर ना? — बागायतदार, तासगाव

उत्तर : एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांत डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते आणि तिला भरपूर ऊन लागतं. त्या काळात काचेने निम्मं ऊन अडवलं तर पुढच्या हंगामात घडच कमी येतील. वीज हवी असेल तर पॅनल पंपघरावर आणि बेदाण्याच्या शेडवर टाका.

प्रश्न : अनुदान मिळेल का? आणि बाल्कनीत लावून थेट प्लगमध्ये खोचायचे सोलर संच चालतात का? — वाचक, वाळवा

उत्तर : फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. गृहनिर्माण सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये. अट अशी की सेल आणि पॅनल दोन्ही देशात बनलेले हवेत. परदेशातून आणलेल्या सोलर काचेला हे अनुदान लागू होत नाही, आणि ती गच्चीवरच्या पॅनलच्या कित्येक पट महाग पडते. विश्रामबागेच्या वाचकांनीही सोसायटीच्या बैठकीत हाच विषय काढावा : सामाईक गच्चीवरचे पाच किलोवॅट इमारतीतल्या सगळ्या खिडक्यांपेक्षा जास्त देतील.

प्लगचे संच जर्मनीत ८०० वॅटपर्यंत चालतात, कारण तिथे त्यासाठी नियम केलेले आहेत. इथे महावितरणच्या परवानगीशिवाय आणि नेट मीटरशिवाय (आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगळी मोजणारा मीटर) ते लावू नका. काही साधे मीटर उलट बाहेर गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजतात, म्हणजे स्वतःच्या विजेचं बिल तुम्हालाच येतं. शिवाय लाइन बंद असताना वीज उलट गेली, तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव धोक्यात येतो.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनात वीज करणारी काच दाखवायची आहे. घरच्या साहित्यात होईल का? — अकरावीच्या विद्यार्थिनी, कऱ्हाड

उत्तर : होईल, आणि छान होईल. फळांच्या रंगाचा सेल करा. १९९१ मध्ये ओ'रेगन आणि ग्रेट्झेल या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या सेलचा हा शाळेत करता येण्याजोगा प्रकार. याच कुळातल्या रंगीत काचा २०१४ मध्ये खुल्या झालेल्या, स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठातल्या सभागृहाला लावल्या गेल्या.

साहित्य : वीजवाहक लेप असलेल्या एफटीओ काचेचे अडीच सेंटिमीटरचे दोन चौकोन, टायटॅनियम डायऑक्साइडची नॅनो पावडर, पातळ अॅसेटिक अॅसिड, पोटॅशियम आयोडाइड, आयोडीन, एथिलीन ग्लायकॉल, मऊ ६बी पेन्सिल, दोन बाइंडर क्लिप. रंगाची पूड किंवा टाल्क वापरून चालत नाही, नॅनो पावडरच हवी.

मल्टीमीटरने काचेची वाहक बाजू ओळखा आणि तीन कडांना चिकटपट्टी लावा. एक ग्रॅम पावडरला दीड मिली अॅसिड थेंबथेंब घालत खलात घोटा, गुठळी राहू देऊ नका. मधोमध दोन थेंब ठेवून काचेच्या कांडीने एकाच हातात सपाट ओढा. पट्टी काढा, सुकू द्या, मग कॉलेजच्या भट्टीत शिक्षकांच्या देखरेखीखाली ४५० अंशांवर ३० मिनिटं तापवा. थर आधी तपकिरी होतो, मग पुन्हा पांढरा. भट्टी बंद करून आतच थंड होऊ द्या, लगेच बाहेर काढली तर काच तडकते.

आता रस. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हाताशी असली तरी ती घेऊ नका. तिचा लाल रंग मुख्यतः पेलार्गोनिडिन या रंगद्रव्याचा आहे आणि टायटॅनियमला घट्ट धरायला लागणारे शेजारीशेजारचे दोन हायड्रॉक्सिल गट त्याच्यात नसतात. आटपाडीचं डाळिंब, महाबळेश्वरची तुती, जून-जुलैत जांभूळ, हे चालतात. काच ताज्या, गाळलेल्या रसात किमान १० मिनिटं बुडवा. पांढरे डाग उरले तर पुन्हा बुडवा, कारण पांढरा भाग वीज करत नाही. पाण्याने, मग अल्कोहोलने हलकेच धुऊन सुकवा.

दुसऱ्या काचेच्या वाहक बाजूवर पेन्सिल दाट घासा. दोन्ही वाहक बाजू समोरासमोर, किंचित सरकवून ठेवा म्हणजे क्लिप लावायला कड मोकळी राहते. १० मिली ग्लायकॉलमध्ये ०.८३ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि ०.१३ ग्रॅम आयोडीन विरघळवून त्याचे दोन थेंब कडेला सोडा, ते आपोआप आत ओढले जातात. आयोडीन हाताला आणि कपड्यांना लागू देऊ नका.

उन्हात ०.३ ते ०.५ व्होल्ट मिळतो, प्रवाह चौरस सेंटिमीटरला एक मिलिअॅम्पियर किंवा कमी. छोटं कॅल्क्युलेटर चालवायला चार-पाच सेल एकामागून एक जोडा. व्होल्ट शून्य आला तर दोन काचा कुठेतरी थेट टेकल्या आहेत. पोपडे निघाले तर थर जाड झाला. द्रव उडून जातो, म्हणून सेल प्रदर्शनाच्या सकाळीच भरा.

प्रश्न : साखर कारखान्याजवळ राहतो. हंगामात सगळीकडे काळी राख पडते. काच कशी धुवायची? — वाचक, पलूस

उत्तर : उभ्या काचेवर गच्चीच्या पॅनलपेक्षा राख कमी थांबते, ही तिची जमेची बाजू. हंगाम सुरू असताना पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी काच गार असताना धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. राख कोरडी पुसू नका, आधी पाण्याने सोडवा, नाहीतर ओरखडे पडतात. बोअरच्या पाण्याचे क्षार सुकून पांढरा थर बसतो. पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं पाणी वापरा. आरओ फिल्टरने टाकून दिलेलं पाणी तर अजिबात नको, त्यात क्षार जास्तच असतात. आधीच बसलेला थर काढायला पाण्यात थोडं व्हिनेगर घालून मऊ फडक्याने पुसा आणि लगेच साध्या पाण्याने धुवा. संडास साफ करायचं अॅसिड वापरू नका. ते अॅल्युमिनियम आणि कडेचा सीलंट दोन्ही खातं.